‘पाचव्या मितीतलं बंड’: उधारीचा भाग, तरी मालिकेतला सर्वात भारी?

जुनी_रीळ (धागाकर्ता)

दोन स्पायडरमॅन एकमेकांकडे बोट दाखवत उभे आहेत, ते मीम ज्या मालिकेतून आलं ती ही १९६७ची कार्टून मालिका. तीन हंगाम, एकूण ५२ भाग. त्यातला १९७०चा ‘रिव्होल्ट इन द फिफ्थ डायमेन्शन’ परवा पुन्हा पाहिला आणि मत आणखी पक्कं झालं. बाकीचे भाग एकमेकांत मिसळून जातात, हा एकटा डोक्यात राहतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. परग्रहावरचा एक शास्त्रज्ञ मरता मरता स्पायडरमॅनच्या हाती एक चिमुकलं ग्रंथालय सोपवतो. त्याच्या ग्रहाचं सगळं ज्ञान त्यात आहे. ‘डिमेन्शिया फाइव्ह’ नावाच्या मितीचा राजा इन्फिनाटा त्यावर टपलेला. मग स्पायडरमॅन त्याच्या मितीत ओढला जातो. तिथे ना न्यूयॉर्क, ना जमीन, नुसते गरगरणारे रंग आणि अंगावर येणारे आकार. हे सगळे मनाचे खेळ आहेत हे उमगतं, तेव्हा कुठे तो सुटतो. ठोसे मारून नाही, विचार करून! त्या काळच्या शनिवार सकाळच्या कार्टूनमध्ये हे कुणी करत होतं का?

आता ‘चोरीचा माल’ म्हणत कुणीतरी येईलच. या.

चिंचोका

आलो!

साहेब, हा भाग स्पायडरमॅनचा नाहीच. ‘रॉकेट रॉबिन हूड’ नावाची कार्टून मालिका होती. सन ३०००मधला रॉबिन हूड, शेरवूडचं जंगल एका लघुग्रहावर, असा सगळा मामला. तिच्यात ‘डिमेन्शिया फाइव्ह’ नावाचा भाग आहे. तोच उचलला, रॉबिनच्या जागी स्पायडरमॅन बसवला आणि दिला ठोकून. खलनायकाचं नावसुद्धा बदललं नाही.

पण माझा खरा राग उचलेगिरीवर नाही. स्पायडरमॅन आपल्याला का आवडतो? मुखवट्याखाली पीटर पार्कर नावाचा साधा पोरगा आहे म्हणून. मे काकूची काळजी, खिशात पैसे नाहीत, वर्तमानपत्रवाल्या जेमसनची बोलणी खायची आणि त्यालाच फोटो विकायचे. या भागात यातलं काय कामी येतं? त्या मितीत कुणालाही टाका, गोष्ट तीच राहते. राहतेच, कारण ती आधी दुसऱ्यासाठीच लिहिली होती.

सेलवाला

चिंचोका, +१ अर्ध्याच प्रतिसादाला. उचलेगिरी कसली? एकाच मालकाची दोन दुकानं ती.

पहिला हंगाम ग्रँट्रे-लॉरेन्स या स्टुडिओने केला, तो स्टुडिओ पुढे बुडाला. मग निर्माते स्टीव्ह क्रांट्झ यांनी काम अ‍ॅनिमेटर राल्फ बाक्शीकडे दिलं. ‘रॉकेट रॉबिन हूड’ही क्रांट्झचीच आणि तिथेही काम बाक्शीच बघत होता. पैसे कमी, तारखा डोक्यावर. सेलचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल: पार्श्वभूमी वेगळ्या कागदावर रंगवलेली असते, पात्र वर ठेवलेल्या पातळ पारदर्शक प्लास्टिकवर, त्यालाच सेल म्हणतात. पार्श्वभूमी तीच ठेवायची, खलनायकाचे सेल तेच ठेवायचे, फक्त नायक नव्याने काढायचा. त्यात स्पायडरमॅन हा स्वस्त नायक. अंगावरची जाळी सगळीकडे काढायला नको म्हणून ती मुखवटा, हातमोजे, बूट आणि पट्ट्यापुरतीच ठेवली. आणि मुखवट्याला तोंडच नाही! संवाद कितीही लांब असो, ओठ हलवायची भानगड नाही. हिशेब बघणाऱ्याला आणखी काय हवं?

मी या धंद्यात आहे, म्हणून मला या भागाचा राग येत नाही. ती पार्श्वचित्रं ज्यांनी रंगवली त्यांचं काम दोनदा दिसलं. एरवी एकदाच दिसून गोदामात गेलं असतं.

टोरंटोकर

इकडे कॅनडात ‘रॉकेट रॉबिन हूड’ टीव्हीवर इतकी वर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिली की बरेच लोक स्पायडरमॅनचा हा भाग बघून ‘अरे, हे तर आपलं’ म्हणतात. स्पायडरमॅनचे आवाजही टोरंटोतच रेकॉर्ड झाले. पॉल सोल्सने पीटर आणि स्पायडरमॅन दोन्ही केले. मुखवटा चढला की आवाज खाली, जाड. पीटर झाला की मऊ.

आणि इथे मी चिंचोकांच्या बाजूने. मूळ भागात रॉबिनला चेहरा आहे, तो घाबरलेला दिसतो. स्पायडरमॅन घाबरला तरी ते दोन पांढरे डोळे तसेच. त्यामुळे दुसऱ्यांदा केलेलं काम पहिल्यापेक्षा फिकंच झालं. एरवी दोन इमारतींमधून झोके घेताना ते डोळे चालून जातात. इथे चालत नाहीत.

सईची_आई

तुम्ही सगळे रंग आणि सेलवर बोलताय. ही मालिका मुलांसाठी होती हो!

मी सईला, वय सहा, हा भाग दाखवला. इन्फिनाटाला ती अजिबात घाबरली नाही. त्याचं एवढं मोठं डोकं बघून हसलीच. अडकली ती सुरुवातीला. तो शास्त्रज्ञ मरतो ना, तिथे. ‘तो आता परत येणार का? त्याची पुस्तकं कुणाला देणार?’ हेच चालू. पुढचं रंगीबेरंगी सगळं तिने माझ्या ओढणीत तोंड घालून ऐकलं. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने हा भाग दाखवायला नकार दिला असं म्हणतात. खरं असेल तर मला त्या माणसांचं काही चुकलं वाटत नाही. अख्खा ग्रह गेला आणि कुणी दोन शब्द बोलत नाही, लगेच पुढचं दृश्य.

जुनी_रीळ

सईच्या आई, सईने अचूक जागा पकडलीय. ग्रह संपला आणि पुस्तकं उरली, भागाचा जीव तिथेच आहे. मुलांना असं काही दाखवूच नये, हे मात्र पटत नाही. शेजारी मोठं माणूस हवं, तेवढं मान्य.

टोरंटोकर, डोळ्यांचं तुम्ही म्हणता ते माझ्याच पथ्यावर पडतं. चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून सगळा भार आवाजावर येतो. मितीत शिरल्यावर तो स्वतःशी बोलतो तेवढाच भाग डोळे मिटून ऐका.

चिंचोका, ‘कुणालाही टाका’ म्हणता, पण कुणालाही टाकून तीच मजा येत नाही. रॉबिन अंतराळातलाच गडी, त्याला परकी मिती म्हणजे शेजारचं गाव. स्पायडरमॅन शहरातला. त्याचं जाळं इमारतीला चिकटतं. इमारतच काढून घेतली की तो नुसता रंगीत कपड्यातला पोरगा उरतो. तुमचा पीटर पार्कर तो हाच की.

चिंचोका

‘जाळं इमारतीला चिकटतं’ म्हणे! राव, मालिका परत बघा. न्यूयॉर्कमधल्या सगळ्यात उंच इमारतीच्याही वरून हा झोके घेतो. जाळं चिकटलंय कशाला? ढगाला? आणि तेच तीन-चार झोके प्रत्येक भागात फिरवून फिरवून वापरलेत, वेळ भरायला. ज्याला न्यूयॉर्कमध्येच इमारत लागत नाही त्याची पाचव्या मितीत कसली पंचाईत?

बाकी तो स्वतःशी बोलतो तो भाग ऐकला. आवाज चांगलाच आहे. मत तेच.

सेलवाला

ढगाला +१. झोक्यांच्या सेलवरचा रंग उडाला नाही हेच नवल.