रे ट्रेसिंग चालू केल्यावर फ्रेम पडतात – आधी कोणतं सेटिंग कमी करायचं?

फ्रेमवेडा:
ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७० (८ जीबी), प्रोसेसर रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, १४४०पी मॉनिटर. खुल्या शहरातल्या एका गेममध्ये रे ट्रेसिंग (आरटी, म्हणजे प्रकाशकिरणांचा माग काढून प्रकाश, सावल्या, प्रतिबिंबं दाखवणं) बंद असताना ८५-९० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) मिळतात. आरटीचे सगळे पर्याय ‘हाय’वर टाकले की गर्दीच्या चौकात ४२-४५ वर येतात. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारं तंत्र) क्वालिटीवरून परफॉर्मन्सवर आणलं तरी तिथे आकडा हलत नाही आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) वापर ६५-७० टक्केच दिसतो. इमारतींच्या आत मात्र जीपीयू ९८ टक्के, आणि बराच वेळ खेळल्यावर गेम मधूनमधून जोरात अडखळतो. शिवाय ओल्या फरशीतल्या प्रतिबिंबात माणूस चालला की त्याच्या मागे शेपूट राहतं. आरटी पूर्ण बंद करायचं नाही, खोल्यांमधला प्रकाश फारच सुंदर दिसतो. काय कमी करू? आणि ज्या गेममध्ये आरटी सक्तीचं आहे ते या कार्डावर चालतात का?

किरणमार्ग:
या तीन वेगळ्या अडचणी आहेत, एकाच सेटिंगने सुटणार नाहीत.

चौकात अडतोय तो सीपीयू, म्हणजे प्रोसेसर. रिझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नाहीत, आणि जीपीयूही रिकामा राहतो, याचा बहुधा हाच अर्थ. एरवी कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या वस्तू गेम सरळ वगळतो. किरण मात्र पाठीमागच्या बसवर किंवा कोपऱ्यापलीकडच्या माणसावरही आपटू शकतो, म्हणून त्या सगळ्या वस्तू बीव्हीएच नावाच्या झाडासारख्या रचनेत ठेवाव्या लागतात. वरच्या पातळीची रचना दर फ्रेमला नव्याने बांधली जाते आणि हलणाऱ्या प्रत्येक पात्राची खालची रचना दुरुस्त करावी लागते. ही बांधणी जीपीयूवर होत असली तरी यादी तयार करणं, ॲनिमेशन चालवणं, कमांड पाठवणं हे सीपीयूकडेच राहतं. त्यामुळे गर्दीची घनता एक पायरी उतरवा. ‘आरटी ऑब्जेक्ट रेंज’सारखा (किती लांबच्या वस्तू किरणांसाठी धरायच्या, हे ठरवणारा) पर्याय असेल तर तोही निम्म्यावर आणा. मार्व्हल्स स्पायडर-मॅन रीमास्टर्डमध्ये हाच स्लायडर सीपीयूवर मोठा बोजा टाकतो. टास्क मॅनेजरच्या मेमरी टॅबवर रॅमचा वेगही पाहा. २१३३ किंवा २४०० दिसला तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं बहुधा राहिलंय, आणि रायझन ३६०० ला त्याचा चांगलाच फटका बसतो. रॅमची एकच पट्टी असेल तर तो आणखी मोठा.

इमारतींच्या आतलं अडखळणं व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) कमी पडल्यामुळे असणार. बीव्हीएच आणि डीनॉइझरचे (किरणांच्या चित्रातला दाणेदारपणा पुसणाऱ्या भागाचे) बफर मिळून काहीशे एमबी सहज खातात, मोठ्या गेममध्ये १ जीबीच्याही वर. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूची ‘डेडिकेटेड’ मेमरी भरलेली आणि ‘शेअर्ड’ वाढत चाललेली दिसली की निदान पक्कं. ३०७० ची स्वतःची मेमरी ४४८ जीबी प्रतिसेकंद वेगाची आहे. बी४५० वरचा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा, म्हणजे सुमारे १६ जीबी प्रतिसेकंद. डेटा तिकडून आणायची वेळ आली की फ्रेम लटकणारच. टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) एक पायरी खाली आणा आणि गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण बरेच गेम आधीची जागा लगेच सोडत नाहीत. ब्राउझरही बंद ठेवा.

सावलीकार:
शेपटाबद्दल. दर पिक्सेलमागे साधारण एक किंवा त्याहूनही कमी किरण सोडले जातात. उरलेली माहिती डीनॉइझर मागच्या फ्रेममधून गोळा करतो. प्रतिबिंबातली हालचाल पृष्ठभागाच्या हालचालीशी जुळत नाही, म्हणून जुनी माहिती तिथेच रेंगाळते. बहुतेक गेममध्ये किरणांची संख्या आतल्या (डीएलएसएसने मोठं करण्याआधीच्या) रिझोल्यूशनवर ठरते. १४४०पी वर क्वालिटी म्हणजे १७०७×९६०, परफॉर्मन्स म्हणजे १२८०×७२०, म्हणजे जवळजवळ निम्मे पिक्सेल. चौकात सीपीयूच अडत असताना परफॉर्मन्सवर राहून मिळत काहीच नाही, फक्त शेपूट लांबतं. क्वालिटीवर परत या. गेममध्ये रे रिकन्स्ट्रक्शन (डीएलएसएसमधला एआय डीनॉइझर) असेल तर ३०७० वरही चालतं, फक्त नव्या कार्डांपेक्षा महाग पडतं. शार्पनिंग कमी ठेवा, नाहीतर दाणेदारपणा उठून दिसतो.

कमी करण्याचा क्रम: आधी आरटी ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांतल्या मंद सावल्या) बंद करा. आरटी ग्लोबल इल्युमिनेशन (भिंती-वस्तूंवरून उसळून पसरणारा प्रकाश) चालू असताना कोपऱ्यांतला अंधार बहुतांशी त्यातूनच येतो. मग आरटी सावल्या. झाडी असेल तर त्या फार महागात जातात, कारण पानाचा आकार टेक्स्चरमधल्या पारदर्शकतेवर असतो आणि किरण लागला की दरवेळी शेडर (जीपीयूवरचा छोटा प्रोग्रॅम) चालवून तिथे पान आहे की भोक, हे तपासावं लागतं. त्यानंतर प्रतिबिंबं ‘मीडियम’वर. तुम्हाला आवडतो तो खोलीतला प्रकाश ग्लोबल इल्युमिनेशनचा आहे, त्याला शेवटपर्यंत हात लावू नका.

किरणमार्ग:
क्रम पटला, पण प्रतिबिंबांसाठी एक अट घालेन. बऱ्याच गेममध्ये ‘मीडियम’वर फक्त गुळगुळीत पृष्ठभागांना किरण मिळतात आणि खडबडीत पृष्ठभाग स्क्रीन-स्पेसवर (स्क्रीनवर दिसतं तेवढ्यावरूनच काढलेल्या प्रतिबिंबांवर) जातात. तिथे खरी बचत होते, कारण खडबडीत पृष्ठभागावरून किरण दशदिशांना विखुरतात, शेजारच्या पिक्सेलना वेगवेगळे शेडर लागतात आणि जीपीयूचे गट रिकामे बसतात. पण ‘मीडियम’ने फक्त प्रतिबिंबांचं रिझोल्यूशन घटत असेल तर तुमची ओली फरशी आणखी वाईट दिसेल. एका जागी उभं राहून दोन्ही स्क्रीनशॉट तुलना करा.

बेकमुक्त:
सक्तीच्या आरटीबद्दल. मेट्रो एक्झोडस एन्हान्स्ड एडिशन (२०२१), इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४), डूम: द डार्क एजेस (मे २०२५) हे सगळे ३०७० वर चालतात. शेवटच्या दोन्हींची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर आहे. स्टुडिओ या वाटेला जातात कारण आधीच शिजवून ठेवलेले लाइटमॅप (आगाऊ मोजून साठवलेला प्रकाश) लागत नाहीत. भिंत हलवली की प्रकाश तिथल्या तिथे दिसतो, आणि दोन प्रकाशव्यवस्था सांभाळाव्या लागत नाहीत. तिथे आरटी बंद करायचा पर्यायच नसल्यामुळे ८ जीबीवर ‘टेक्स्चर पूल साइज’ (टेक्स्चरसाठी राखून ठेवलेली व्हीरॅम) हीच कळीची जागा. तो कमी ठेवा. जवळची टेक्स्चर बहुतेक तशीच राहतात, लांबची उशिरा स्पष्ट होतात. पाथ ट्रेसिंगचा (जवळजवळ सगळाच प्रकाश किरणांनी काढणाऱ्या, सर्वांत जड पद्धतीचा) नाद या कार्डावर नको.

फ्रेमवेडा:
रॅम २४०० वरच होती, एक्सएमपी केलं. टेक्स्चर उतरवल्यावर अडखळणं थांबलं. चौकात आता ५२-५५. इथे एफएसआर ३ चं फ्रेम जनरेशन (दोन खऱ्या फ्रेममध्ये एक बनवलेली फ्रेम घालणं) लावावं का?

सावलीकार:
ऑब्जेक्ट रेंज उतरवून मूळ एफपीएस ६० च्या आसपास स्थिर होत असतील तरच. फ्रेम जनरेशनने हालचाल सलग दिसते, पण माउसचा प्रतिसाद मूळ फ्रेमचाच राहतो, उलट थोडा लांबतो. त्याला व्हीरॅमही लागते, म्हणून चालू केल्यावर ‘शेअर्ड’ आकडा पुन्हा तपासा. तो वाढला तर प्रतिबिंबं आणखी एक पायरी खाली, टेक्स्चर आहे तिथेच.