मदत हवी आहे: व्हिज्युअलायझरमध्ये ठेका आणि खर्जाचे सूर एकत्र कसे पकडायचे?

१९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या पडद्यासारखा दिसणारा म्युझिक व्हिज्युअलायझर (आवाजानुसार हलणारं चित्र दाखवणारा प्रोग्राम) पायथनमध्ये, नमपाय आणि पायगेम या लायब्ररी वापरून लिहितोय. २५६ × १९२ पिक्सेल, आणि ८ × ८ च्या प्रत्येक चौकोनात दोनच रंग. ही मर्यादा मुद्दाम पाळली आहे. रंग शेजारच्या आकारात सांडतात, तेच मला त्या यंत्रांचं खरं सौंदर्य वाटतं, त्यामुळे ती सोडायला सुचवू नका.

चित्राचा भाग नीट चालतोय. अडलंय ते आवाजाच्या विश्लेषणात. सॅम्पल रेट ४४,१०० हर्ट्‌झ. १०२४ सॅम्पलचा एफएफटी (आवाज वेगवेगळ्या वारंवारतांमध्ये मोडणारं गणित) घेतला की वारंवारतेचा प्रत्येक कप्पा साधारण ४३ हर्ट्‌झचा होतो, म्हणजे ४० ते १६० हर्ट्‌झमध्ये जेमतेम तीन कप्पे. पडद्यावर डाव्या बाजूच्या, खर्जाच्या पट्ट्या एकदमच उसळतात. ४०९६ घेतले तर कप्पा सुमारे ११ हर्ट्‌झचा होतो, पण खिडकी (एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा) ९३ मिलिसेकंदांची होते आणि तबल्याची थाप पडद्यावर उशिरा, पसरट दिसते.

हॅन विंडो (तुकड्याच्या कडा हळूहळू शून्यावर आणणारा वक्र) लावली आहे, खिडक्या निम्म्याने एकमेकींवर चढवल्या आहेत, पट्ट्या लॉगरिदमिक आहेत. शून्यं भरून एफएफटी लांबवला; वक्र गुळगुळीत झाला, जवळचे दोन सूर मात्र वेगळे झाले नाहीत. आवाज लाइन-इनमधून थेट येतो, त्यामुळे गाणं आधीच तपासून ठेवता येत नाही. जीपीयूही वापरायचा नाही.

खर्जासाठी लांब आणि वरच्या पट्ट्यांसाठी छोटा असे दोन एफएफटी समांतर चालवावेत, की प्रत्येक पट्टीला वेगळा बँडपास फिल्टर (ठरावीक वारंवारताच जाऊ देणारा) लावावा? आणि दोन एफएफटी घेतले, तर सांध्यापाशी पट्ट्यांची उंची जुळवायची कशी?