गच्चीवरची टाकी भरून वाहते: भोंगा लावावा की फ्लोट स्विच?

प्रश्न (शहापूर, बेळगाव)
आम्ही दोघेही नोकरीला जातो. मुलांचे डबे, सासूबाईंची औषधे आणि शाळेची रिक्षा या सकाळच्या गडबडीत संपमधली (जमिनीखालच्या टाकीतली) मोटार चालू आहे याचे भान कोणालाच राहत नाही आणि शेजारच्या काकूंनी हाक मारली, की मगच धावपळ होते. राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येणारे पाणी असे गटारात जाणे मनाला पटत नाही. कमी खर्चात कोणते साधन बसवता येईल?

उत्तर १ (अनगोळ)
ताई, टाकी भरली की वाजणारा भोंगा स्वस्त पडतो. पण तो ऐकून मोटार बंद करणारे माणूस घरात हवे, आणि तुमची अडचण नेमकी तीच आहे. म्हणून फ्लोट स्विच घ्यावा. वायरीला जोडलेला हा प्लॅस्टिकचा डबा हातात धरून कलता केला, तर आतली गोळी घरंगळते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. पाण्याबरोबर तो वर-खाली कलला, की हीच गोळी मोटारीचा प्रवाह जोडते किंवा तोडते. वायरीवरचे वजन सरकवून पाणी किती खाली गेल्यावर मोटार सुरू व्हावी हे ठरवता येते. दुसरा स्विच संपमध्येही टाकावा, कारण संप आटल्यावर कोरडी चाललेली मोटार तापून तिचे सील जळते, आणि तो खर्च वाया गेलेल्या पाण्यापेक्षा जास्त झोंबतो.

उत्तर २ (खानापूर)
वरील सल्ला योग्य आहे, मात्र २३० व्होल्टची वायर पाण्यात सोडायची असल्याने वायरीचा जोड टाकीच्या आत मुळीच ठेवू नये, मोटारीला अर्थिंग असावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवूनच हे काम वायरमनकडून करून घ्यावे. मोटार मोठी असेल, तर तिचा सगळा प्रवाह त्या छोट्या स्विचमधून न नेता मध्ये कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा स्विच) घालावा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते. ती परत आल्यावर व्होल्टेज कमी असेल, तर आपोआप सुरू होऊ पाहणारी मोटार नुसतीच घुमत राहते, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर ३ (निपाणी)
टायमरच्या नादी लागू नये. रिकामी टाकी किती मिनिटांत भरते हे पाहून तो लावला, तरी अर्धी भरलेली टाकी त्याच वेळेत वाहणारच. घर भाड्याचे असून मालक वायरिंगला हात लावू देत नसतील, तर बॅटरीवरचा भोंगा घेऊन तो स्वयंपाकघरात टांगावा.