अनुभव धागा: बीबीएसवरच्या मेसेज एरिया, त्यांची नावं आणि डिरेक्टऱ्या

मोडेमच्या काळात बुलेटिन बोर्ड (बीबीएस, म्हणजे फोनवरून जोडून संदेश वाचायचा-लिहायचा संगणक) चालवलेले, नाहीतर त्यावर रात्री जागवलेले बरेच जण इथे आहेत. विषय किरकोळ वाटेल, पण एरियाला (एका विषयाच्या संदेशांच्या विभागाला) काय नाव दिलं, ती डिस्कवर कुठे ठेवली आणि यादीत कितवी लावली यावर बोर्ड नांदता राहायचा की ओस पडायचा. सिसॉप (बोर्ड चालवणारे), पॉइंटवाले (एखाद्या बोर्डामार्फत घरच्या संगणकावर मेल घेणारे), नुसते वाचणारे, सगळ्यांनी लिहा. तत्त्वज्ञान नको, तुमच्याकडे काय होतं ते सांगा. जुने फोन नंबर मात्र टाकू नका, त्यावर आता भलतंच कुणीतरी राहत असेल.

जुना_सिसॉप
आमच्याकडे फिडोची (बोर्डांना जोडणाऱ्या फिडोनेट नेटवर्कची) मूळ *.एमएसजी पद्धत होती. एक संदेश म्हणजे एक फाइल, एक एरिया म्हणजे एक डिरेक्टरी. एकोमेलचे (बोर्डाबोर्डांत वाटल्या जाणाऱ्या सामाईक एरियांचे) टॅग, म्हणजे एरियांची नावं, लांबलचक, आणि डॉस डिरेक्टरीच्या नावाला ८ अक्षरं देणार. टॅगची पहिली ८ अक्षरं घ्यावीत असं सगळे सांगायचे. पण एकाच शब्दाने सुरू होणारे दोन टॅग आले की दोघांचं नाव एकच! म्हणून मी डिरेक्टऱ्यांना सरळ ई००१, ई००२ असे क्रमांक दिले आणि कुठला टॅग कुठल्या डिरेक्टरीत हे एरियाज.बीबीएस या साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलं. ती फाइल गेली तर ई०१७ म्हणजे काय हे संदेश उघडून वाचल्याशिवाय कळणार नाही, म्हणून तिची छापील प्रत मोडेमशेजारी भिंतीवर चिकटवलेली असे.

दुसरी गंमत १.एमएसजीची. एकोमेलच्या डिरेक्टरीत ही फाइल खरा संदेश नसतेच. कुठपर्यंतचे संदेश बाहेर धाडून झाले, त्याची खूण तिच्यात असते. कुणी सफाईच्या उत्साहात ती उडवली की स्कॅनर (बाहेर धाडायचे संदेश शोधणारा प्रोग्रॅम) बिचारा अख्खी डिरेक्टरी पहिल्यापासून चाळत बसायचा. आणि जागा! २०० एमबीचं एकच पार्टिशन केलं तर फॅटचा क्लस्टर (डॉस एका फाइलीला देते ती किमान जागा) ४ केबीचा. कुणी नुसतं ‘सहमत’ लिहिलं तरी ४ केबी खर्ची. म्हणून जास्त गर्दीच्या एरिया मी पुढे स्क्विश या दुसऱ्या पद्धतीत हलवल्या. तिथे एका एरियाचे सगळे संदेश एकाच फाइलीत, सोबत एक इंडेक्स.

हडसनवाला
आमच्याकडे बोर्ड चालवायला क्विकबीबीएस, नंतर रिमोटअ‍ॅक्सेस. त्यांच्या हडसन बेसमध्ये (संदेश साठवायच्या पद्धतीत) एरियाला डिरेक्टरीच नसते. सगळ्या बोर्डांचे संदेश मोजक्या सामाईक फाइलींत आणि प्रत्येकावर १ ते २०० पैकी एक बोर्ड क्रमांक. म्हणजे खरी ओळख क्रमांकाची, नाव नुसती पाटी. आमच्या गावातल्या एका बोर्डावर बंद केलेल्या एरियाचा क्रमांक न झाडता-पुसता नव्या एरियाला दिला गेला. पाककृतींच्या विभागात कार्ब्युरेटरवरची कडाक्याची भांडणं वाचायला मिळाली, आणि काही जणांनी त्यांना उत्तरंही दिली. आमच्याकडे नियम असा की क्रमांक मोकळा झाला तरी आधी संदेश पुसायचे, बेस पॅक करायचा (पुसलेल्यांची जागा मोकळी करायची), मगच तो पुन्हा वापरायचा.

रात्रपाळी
मी नुसती वाचक. सेकंदाला २४०० बिटांच्या मोडेमवर सेकंदाला साधारण २४० अक्षरं येतात, म्हणजे ८० बाय २४ चा भरलेला पडदा उतरायला ८ सेकंद. त्यात यादीच्या सुरुवातीला ‘सर्वसाधारण’, ‘विविध’, ‘इतर’ आणि ‘गप्पा’! चौघांत फरक काय, हे सिसॉपलाही सांगता आलं नसतं. ज्या बोर्डवर चालत्या एरिया वर आणि मेलेल्या खाली असत, तिथेच मी टिकले.

पलीकडच्या_किनाऱ्यावरून
मी अमेरिकेत फिडोचा नोड (नेटवर्कातला बोर्ड) चालवायचो. १९८६ मध्ये एकोमेल आलं आणि नाव एकट्या सिसॉपच्या हातात राहिलं नाही. संदेशाच्या वर AREA: ची ओळ असते, ती पाहून टॉसर (आलेले संदेश वाटणारा प्रोग्रॅम) संदेश योग्य जागी टाकतो. टॅगमध्ये एक अक्षर चुकलं की संदेश थेट ‘बॅड’ एरियात. त्यामुळे ती एरिया रोज उघडून पाहणं हे सिसॉपचं पहिलं काम. दोन वेगळ्या नेटवर्कांत एकच टॅग असण्याचा त्रास निराळाच. तेव्हा पोटडिरेक्टरी नेटवर्कच्या नावाने करणं बरं, विषयाच्या नाही.

युजनेट या चर्चागटांच्या दुसऱ्या जाळ्यावाल्यांनी १९८७ च्या सुमारास सगळी नावं बदलून वरच्या फांद्या (मुख्य विभाग) ठरवल्या. soc.culture.indian.marathi हे नाव वाचलं की गट कुठे बसतो ते कळतं. फिडोचे टॅग एका सपाट यादीत. मला तरीही सपाटच आवडायचं, कारण फांद्या आल्या की कुठला विषय कुठल्या फांदीवर यावरून महिनोन्‌महिने वाद चालतात.

पाय_वर_बोर्ड
मी आजही हौसेने रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर सिंक्रोनेट हे बीबीएस सॉफ्टवेअर चालवतो. इथे गट आणि त्याखाली सब-बोर्ड. प्रत्येक सब-बोर्डला लांब नाव, छोटं नाव आणि अंतर्गत कोड. लांब नाव दर आठवड्याला बदला, काही बिघडत नाही. कोड मात्र डिस्कवरच्या फाइलींच्या नावात उतरतो. कोड बदलून फाइली तशाच ठेवल्या तर एरिया रिकामी दिसते, आणि मग लोक संदेश गेले म्हणून ओरडतात. कोडला गटाचा उपसर्ग लावता येतो, त्यामुळे वर म्हटलेली दोन नेटवर्कांची टक्कर टळते.

मराठी गप्पांच्या सब-बोर्डचा कोड मी रोमनच ठेवलाय. लांब नावही रोमनच, कारण जुनी टर्मिनलं घेऊन येणाऱ्यांच्या सीपी४३७ या अक्षरसंचात देवनागरी नाहीच. यावर कुणाकडे काही तोडगा असेल तर लिहा.