श्रेणी न देणाऱ्या महाविद्यालयातून पीएच.डी.साठी अर्ज कसा करावा?

प्रश्न (रत्नागिरीहून)

मी अमेरिकेतील ज्या महाविद्यालयातून चार वर्षांची पदवी घेतली, तेथे गुण किंवा श्रेणी देत नाहीत. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या शेवटी शिक्षक विद्यार्थ्याच्या कामाविषयी सविस्तर अभिप्राय लिहितात आणि गुणपत्रिकेऐवजी त्या अभिप्रायांचा गठ्ठा हाती येतो. माझा बेचाळीस पानांचा आहे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मी भाट्याच्या खाडीतील कालवांवर केला. आता सागरी परिसंस्थाशास्त्रात पीएच.डी.साठी अमेरिकेत आणि भारतातही अर्ज करावयाचे आहेत. परंतु एका ऑनलाइन अर्जात जीपीएचा (सर्व विषयांच्या श्रेणींवरून काढलेल्या सरासरी आकड्याचा) रकाना भरल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही. अभिप्राय वाचून मीच अंदाजे आकडा काढून लिहावा का?

उत्तर १ (मूळ गुहागरचा, सध्या अमेरिकेत संशोधक)

आकडा स्वतः मुळीच काढू नका. जो आकडा महाविद्यालयाने दिलेला नाही, तो अर्जात लिहिणे म्हणजे चुकीची माहिती देणे होय आणि पुढे पडताळणीत ते अंगाशी येऊ शकते. त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला आजच ईमेल करून रकान्यात काय लिहावे ते विचारा आणि आलेले उत्तर जपून ठेवा. हा प्रश्न त्यांना नवा नाही: एव्हरग्रीन आणि हॅम्पशायर या महाविद्यालयांत अभिप्रायांचीच पद्धत आहे आणि १९६५ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतही कित्येक वर्षे हीच पद्धत होती. तुमच्या महाविद्यालयाच्या निबंधक कार्यालयाकडून मूल्यमापनाची पद्धत समजावणारे पत्र मिळवून तेही अर्जासोबत जोडा.

मात्र निवड समितीतील प्राध्यापक बेचाळीस पाने शांतपणे वाचतील, अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून खरी भिस्त शिफारसपत्रांवर राहते. माझ्या वेळी मी तिन्ही शिक्षकांना त्यांनीच पूर्वी लिहिलेले अभिप्राय पुन्हा पाठवले आणि त्यांतील नेमक्या घटना पत्रात याव्यात, अशी विनंती केली. एका अभिप्रायात लिहिले होते, की क्षारता मोजण्याचे उपकरण चुकीचे आकडे दाखवत असल्याचे लक्षात येताच मी दोन महिन्यांच्या नोंदी बाजूला ठेवून सगळे मोजमाप पुन्हा केले. मुलाखतीत मला सर्वांत जास्त वेळ त्याच गोष्टीविषयी विचारले गेले. ‘अ’ श्रेणीतून हे कोणाला कळले असते?

उत्तर २ (निवृत्त प्राध्यापक, दापोली)

वरील सल्ला अमेरिकेपुरता योग्य आहे. आपल्याकडे अडचण वेगळी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार चार वर्षांच्या पदवीवरून थेट प्रवेशासाठी किमान ७५ टक्के आणि पदव्युत्तर पदवीनंतर ५५ टक्के गुण, अथवा त्यांच्या समकक्ष श्रेणी, लागते; राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. तुमच्या अभिप्रायांतून ७५ हा आकडा कोण ठरवणार, हाच कळीचा मुद्दा आहे. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी आयोगाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम काढले आहेत, तेव्हा तो अर्ज आधी करा. परंतु पदवीची समकक्षता मिळाली म्हणजे टक्केवारीचा प्रश्न सुटला, असे समजू नका. निबंधकांचे पत्र टक्केवारीच्या जागी चालेल का, हे प्रत्येक विद्यापीठाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका.

माझे प्रामाणिक मत असे, की भारतातच संशोधन करावयाचे असेल तर आधी येथे गुण देणारी एम.एस्सी. करावी, म्हणजे पुढे त्याच पदवीचे ५५ टक्के पाहिले जातील. दोन वर्षे जातील, याची मला जाणीव आहे. पण पात्रतेच्या छाननीत अर्ज बाद झाला, तर तुमचे कालवांवरचे काम कोणाच्या नजरेसही पडणार नाही, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचेही मनःपूर्वक आभार. प्रवेश कार्यालयाला आणि निबंधकांना आजच लिहिले आहे. तीन शिक्षकांना पाठवण्यासाठी बेचाळीसपैकी सहा पाने वेगळी काढली; त्यांतली चार भाट्याच्या कामाची आहेत. एम.एस्सी.विषयी घरी बोलून मग ठरवीन.