जातीबाहेरच्या लग्नाला म्हणे नाशिककरांची हरकत नाही!

गोदाकाठ: काल इथे कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा पोल टाकला: 'आंतरजातीय लग्नाला बहुतेकांची हरकत नाही, नाशिक बदललं.' डोकं फिरलं वाचून. कुणी काय दाबलं ते नावासकट दिसतं, मग शेजाऱ्यांदेखत 'हरकत आहे' कोण म्हणेल? प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९-२० मध्ये देशभर जवळपास ३०,००० लोकांना समक्ष विचारलं. आपल्या समाजातल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं, असं ६४ टक्के म्हणाले.

सातपूरकर: त्या ३०,००० मध्ये नाशिकचे किती? आणि समक्ष विचारताना सासू शेजारीच बसलेली असते.

गोदाकाठ: मग मतं सोडा, लग्नं मोजा. २०११-१२ च्या आयएचडीएस (भारत मानव विकास सर्वेक्षण) या देशभरच्या पाहणीत जातीबाहेरची लग्नं ५ टक्क्यांच्या आसपास निघाली.

पंचवटीची_लेक: इंदिरानगरला फ्लॅट पसंत केला, भाडं ठरलं. मग मालकीणबाईंनी पूर्ण नाव विचारलं. दुसऱ्या दिवशी फोन, 'आमचा मुलगाच राहायला येतोय.' पाटी अजून तिथेच आहे. त्या बाईही पोलवर 'हरकत नाही'च दाबतील.

सिडकोवाला: घर त्यांचं, कोणाला द्यायचं ते त्या ठरवतील. आमच्या भाडेकरूने भाडं बुडवलं तेव्हा कुणी आलं नाही विचारायला.

पंचवटीची_लेक: भाडं आडनाव बुडवतं का? काळारामाच्या दारात २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला, १९३५ पर्यंत दार उघडलं नाही. तेव्हाही 'देऊळ आमचं' हेच उत्तर होतं.

सिडकोवाला: घरभाड्यात काळाराम कशाला आणता? माझ्यावर जातीयवादाचा शिक्का मारू नका.

सातपूरकर: अहो, मूळ मुद्द्यावर या! बदल होतो, पण तोच प्रश्न वर्षानुवर्षं विचारला तरच दिसतो. नवऱ्याने मारणं कुठल्या ना कुठल्या कारणाने योग्य मानणाऱ्या बायका राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ ला ५४ टक्के होत्या, २०१९-२१ ला ४५. माझ्या बहिणीने जातीबाहेर लग्न केलं. वडील कित्येक वर्षं बोलले नाहीत, आता जावयाशिवाय दिवाळी करत नाहीत.

गोदाकाठ: बायकांचा आकडा उतरला, तेवढं मान्य. पण त्याच पाहणीत पुरुष २०१५-१६ ला ४२ टक्के होते, पुढच्या खेपेला ४४. तेही लिहा. पोल परत घ्या, नावं न दिसतील असा. आणि विचारा, 'तुमच्या मुलीने केलं तर?'

पंचवटीची_लेक: भाडेकरूचाही प्रश्न घाला त्यात.