मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेल्या आईचा एकादशीचा नेम

आई 66 वर्षांची, माळकरी. 8 महिन्यांपासून आठवड्यातून 3 वेळा, दर वेळी 4 तास डायलिसिस. शरीराचं ती सोसते, पण एकादशी आली की खचते. शेंगदाणे, बटाटा, रताळं, शहाळं यांत पोटॅशियम जास्त म्हणून सगळं बंद, आणि निर्जळी उपासाला डॉक्टरांची सक्त मनाई. "नेम मोडला, आता पांडुरंग कसा ऐकेल?" असं म्हणून रडते. परवा तर म्हणाली, सुया टोचून घेणंच नको.

गावच्या महाराजांनी फोनवर समजावलं की नामस्मरण पुरे. दोन दिवस बरी होती, पुन्हा तेच. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचलेला हात हलवायचा नसतो, त्यामुळे मशीनवर असताना पोथी धरता येत नाही. कानात हरिपाठ लावून देतो, तेवढा वेळ ती शांत असते.

उपचार बदलण्याचे किंवा काढ्यांचे सल्ले कृपया नकोत, आहारतज्ज्ञ आहेत.

ज्यांच्या घरी असं माळकरी माणूस डायलिसिसवर आहे किंवा होतं, त्यांनी उपासाऐवजी कोणता नेम धरला? आणि तो त्यांच्या मनाला खरा कशामुळे वाटला?